कर्कपेशींमधील तंतुकणिकीय जनुकीय विविधता

कर्कपेशींमधील तंतुकणिकीय जनुकीय विविधता म्हणजे कर्करोगाच्या अर्बुदातील निरनिराळ्या पेशींमध्ये, तसेच एकाच पेशीच्या आत, तंतुकणिकांमधील डीएनएच्या प्रतींत आढळणारा फरक होय. तंतुकणिकांना मायटोकॉन्ड्रिया असेही म्हणतात. हा फरक दोन प्रकारचा असतो. पहिला प्रकार प्रतींच्या अनुक्रमातील उत्परिवर्तनांचा, तर दुसरा पेशीतील प्रतींच्या एकूण संख्येचा. एका पेशीत अशा शेकडो ते हजारो प्रती असल्यामुळे एखादे उत्परिवर्तन पेशीत केवळ 'आहे' किंवा 'नाही' असे सांगून भागत नाही. ते किती टक्के प्रतींमध्ये आहे, हे सांगावे लागते. हे प्रमाण शेजारी शेजारी असलेल्या दोन कर्कपेशींमध्येही भिन्न असू शकते.

संपूर्ण अर्बुदाचा नमुना एकत्र दळून केलेल्या तपासणीत या फरकाची केवळ सरासरी हाती लागते. पेशीच्या श्वसनावर होणारा परिणाम मात्र त्या त्या पेशीतील प्रमाणावर अवलंबून असतो. त्यामुळे तंतुकणिकीय उत्परिवर्तने कर्करोगाला चालना देतात, अटकाव करतात की केवळ त्याच्यासोबत साचत जातात, हा जुना प्रश्न एकेका पेशीचे परीक्षण करणारी तंत्रे उपलब्ध झाल्यावर नव्याने अभ्यासला जाऊ लागला.

पार्श्वभूमी

तंतुकणिका हे पेशीद्रवातील दुहेरी आवरणाचे अंगक असून ऑक्सिजनच्या साहाय्याने अन्नघटकांपासून एटीपीच्या रूपात ऊर्जा मिळवणे हे त्याचे प्रमुख कार्य आहे. तंतुकणिकांमध्ये स्वतःचा डीएनए असल्याचे मार्गिट नास आणि सिल्व्हान नास यांनी १९६३ मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने दाखवले. मानवी तंतुकणिकीय डीएनएचा संपूर्ण अनुक्रम १९८१ मध्ये केंब्रिज येथील संशोधकांनी प्रसिद्ध केला. १९९९ मध्ये त्यात काही दुरुस्त्या करण्यात आल्या असून तो आजही तुलनेसाठी प्रमाण मानला जातो.

हा डीएनए वर्तुळाकार असून त्याची लांबी १६,५६९ बेस जोड्या एवढी आहे. त्यात ३७ जनुके आहेत. त्यांपैकी १३ जनुके प्रथिनांची, २२ वाहक आरएनएंची आणि २ रायबोसोमीय आरएनएंची आहेत. ही तेराही प्रथिने श्वसनसाखळी व एटीपी निर्माण करणारे विकर यांचे घटक आहेत. त्यांपैकी ७ पहिल्या संकुलात, १ तिसऱ्या संकुलात, ३ चौथ्या संकुलात आणि २ पाचव्या संकुलात असतात. दुसऱ्या संकुलाचे सर्व घटक केंद्रकातील जनुकांपासून तयार होतात. तंतुकणिकांना लागणारी उर्वरित हजारभर प्रथिनेही केंद्रकीय जनुकांपासूनच तयार होऊन तंतुकणिकांत येतात. म्हणजेच श्वसनसाखळी ही दोन जीनोमांची संयुक्त निर्मिती आहे.

केंद्रकीय डीएनए आणि तंतुकणिकीय डीएनए यांच्यात तीन महत्त्वाचे फरक आहेत. केंद्रकातील बहुतेक जनुकांच्या प्रत्येक पेशीत दोन प्रती असतात, तर तंतुकणिकीय जनुकांच्या शेकडो किंवा हजारो. केंद्रकीय डीएनएचे द्विगुणन पेशीचक्रात एकदाच होते, तर तंतुकणिकीय डीएनएचे द्विगुणन पेशीचक्राशी बांधलेले नसते. एखादी प्रत दोन पेशीविभाजनांच्या दरम्यान अनेकदा द्विगुणित होऊ शकते आणि दुसरी एकदाही होत नाही. तसेच पेशीविभाजनाच्या वेळी गुणसूत्रे काटेकोरपणे समान वाटली जातात, तर तंतुकणिकांची वाटणी बऱ्याच अंशी यदृच्छेने होते. पेशीपेशींमधील विविधतेचे मूळ या तीन गोष्टींत आहे.

हेटेरोप्लाझ्मी आणि सरासरीचा प्रश्न

पेशीतील तंतुकणिकीय डीएनएच्या सर्व प्रती एकसारख्या असतील, तर त्या स्थितीला होमोप्लाझ्मी म्हणतात. एकाहून अधिक प्रकारच्या प्रती एकत्र नांदत असतील, तर त्या स्थितीला हेटेरोप्लाझ्मी म्हणतात. उत्परिवर्तित प्रतींचे एकूण प्रतींशी असलेले प्रमाण टक्केवारीत सांगितले जाते.

बहुतेक हानिकारक उत्परिवर्तने कमी प्रमाणात असताना पेशीच्या कार्यावर दृश्य परिणाम करत नाहीत, कारण उरलेल्या निरोगी प्रती उणीव भरून काढतात. प्रमाण एका विशिष्ट मर्यादेपलीकडे गेले की श्वसनक्षमता झपाट्याने घटते. या मर्यादेला उंबरठा म्हणतात. आनुवंशिक तंतुकणिकीय विकारांच्या अभ्यासात हा उंबरठा उत्परिवर्तनाच्या प्रकारानुसार साधारणपणे ६० ते ९० टक्क्यांच्या दरम्यान आढळतो.

उंबरठ्यामुळे सरासरी कशी फसवी ठरते, हे एका उदाहरणावरून स्पष्ट होईल. एका नमुन्यात १०० पेशी असून प्रत्येकीत तंतुकणिकीय डीएनएच्या १,००० प्रती आहेत आणि संपूर्ण नमुन्यात एका हानिकारक उत्परिवर्तनाचे प्रमाण ५० टक्के आढळले, असे समजू. याचा एक अर्थ असा की शंभरही पेशींमध्ये प्रत्येकी ५०० प्रती उत्परिवर्तित आहेत; उंबरठा ८० टक्के असेल तर यांतील एकाही पेशीचे श्वसन बाधित होणार नाही. दुसरा अर्थ असा की ५० पेशींमध्ये सर्वच्या सर्व प्रती उत्परिवर्तित आहेत आणि उरलेल्या ५० पेशी पूर्णतः निरोगी आहेत. येथे निम्म्या पेशींचे श्वसन कोलमडलेले असेल. तिसरी शक्यता अशी की उत्परिवर्तन फक्त कर्कपेशींमध्ये आहे आणि निरोगी प्रती अर्बुदात मिसळलेल्या रक्तवाहिन्यांच्या, संयोजी ऊतीच्या व रोगप्रतिकारक पेशींच्या आहेत. तिन्ही परिस्थितींत नमुन्याचे सरासरी प्रमाण एकच येते, पण त्यांचा जीवशास्त्रीय अर्थ वेगळा असतो. यांपैकी कोणती परिस्थिती खरी, हे एकेक पेशी वेगळी तपासल्याखेरीज निश्चितपणे सांगता येत नाही.

उत्परिवर्तनांचा उगम

तंतुकणिकीय डीएनएमध्ये उत्परिवर्तने साचण्याचा वेग केंद्रकीय डीएनएच्या तुलनेत सुमारे १० ते १०० पट असल्याचे मानले जाते. श्वसनसाखळीतून बाहेर पडणाऱ्या क्रियाशील ऑक्सिजन संयुगांमुळे डीएनएची हानी होते आणि तीच याचे मुख्य कारण असावे, असा समज दीर्घकाळ प्रचलित होता. कर्करोगांच्या मोठ्या प्रमाणावरील अनुक्रमणातून मात्र वेगळे चित्र पुढे आले. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १,६७५ अर्बुदांमधील १,९०७ कायिक उत्परिवर्तनांचे विश्लेषण करण्यात आले. त्यांत सायटोसिनच्या जागी थायमिन आणि ॲडेनिनच्या जागी ग्वानिन येणे हे बदल प्रामुख्याने आढळले आणि ते डीएनएच्या दोन धाग्यांपैकी 'जड' म्हटल्या जाणाऱ्या धाग्यावर केंद्रित होते. ऑक्सिडीकरणामुळे होणाऱ्या हानीची अपेक्षित खूण याहून वेगळी असते.

धाग्यांमधील या असमतोलावरून ही उत्परिवर्तने मुख्यतः डीएनएच्या द्विगुणनाशी निगडित असावीत, असा निष्कर्ष काढला जातो. द्विगुणनाच्या वेळी जड धागा काही काळ एकेरी अवस्थेत राहतो व त्या काळात त्यावरील बेसांचे रासायनिक रूपांतर सुलभ होते, असे एक स्पष्टीकरण आहे. तंबाखूचा धूर व अतिनील किरण यांच्या ज्या ठळक खुणा फुप्फुसाच्या आणि त्वचेच्या कर्करोगांत केंद्रकीय डीएनएवर दिसतात, त्या तंतुकणिकीय डीएनएवर दिसून आल्या नाहीत. यावरून ही उत्परिवर्तने बाह्य घटकांपेक्षा पेशीच्या अंतर्गत प्रक्रियेतून उद्भवतात, असे दिसते.

अशी उत्परिवर्तने केवळ कर्कपेशींतच होतात असे नाही. मोठ्या आतड्याच्या अस्तरातील सूक्ष्म ग्रंथी एकेक वेगळी करून तपासल्यावर निरोगी व्यक्तींमध्येही वयानुसार तंतुकणिकीय उत्परिवर्तने साचतात आणि काही ग्रंथींमध्ये ती शंभर टक्क्यांपर्यंत पोहोचतात, असे न्यूकॅसल येथील संशोधकांनी २००३ मध्ये दाखवले. त्यामुळे अर्बुदात आढळलेले एखादे उत्परिवर्तन कर्करोग होण्यापूर्वीच मूळ पेशीत असण्याची शक्यता नेहमी विचारात घ्यावी लागते.

पेशीत होणारा प्रसार

नवे उत्परिवर्तन हजारो प्रतींपैकी एकाच प्रतीत जन्माला येते. तेथून ते पेशीतील बहुसंख्य प्रतींपर्यंत कसे पोहोचते, हा या विषयातील मध्यवर्ती प्रश्न आहे. त्याची दोन उत्तरे दिली जातात व ती परस्परविरोधी नाहीत.

पहिले उत्तर यादृच्छिक जनुकीय विचलनाचे आहे. प्रत्येक पिढीत काही प्रती योगायोगाने अधिक द्विगुणित होतात व वाटणीत एखाद्या कन्यापेशीकडे अधिक संख्येने जातात. असंख्य विभाजनांनंतर काही पेशीवंशांमधून उत्परिवर्तन नाहीसे होते, तर काहींमध्ये ते सर्व प्रती व्यापते. हिलरी कोलर व सहकाऱ्यांनी २००१ मध्ये संगणकीय प्रतिमानाद्वारे दाखवले की अर्बुदांमध्ये होमोप्लाझ्मिक उत्परिवर्तने वारंवार आढळण्यासाठी ती पेशीला लाभदायक असण्याची गरज नाही. अर्बुद निर्माण होईपर्यंत पेशीवंशाची इतकी विभाजने झालेली असतात की केवळ योगायोगानेही हे घडू शकते.

दुसरे उत्तर निवडीचे आहे. निवड दोन पातळ्यांवर कार्य करते. पेशीच्या आत एखाद्या प्रकारची प्रत इतरांपेक्षा अधिक वेगाने द्विगुणित होऊ शकते किंवा सदोष तंतुकणिका पेशीच्या स्वच्छतायंत्रणेकडून नष्ट केल्या जाऊ शकतात. पेशींच्या पातळीवर, विशिष्ट प्रमाण असलेल्या पेशी इतरांपेक्षा वेगाने वाढतात किंवा मागे पडतात. कोणत्या उत्परिवर्तनाच्या बाबतीत विचलन पुरेसे स्पष्टीकरण ठरते आणि कोठे निवड मानावी लागते, हे ठरवण्यासाठी पेशीपेशींमधील प्रमाणांचे वितरण तपासले जाते.

संशोधनाचा इतिहास

कर्करोग आणि तंतुकणिका यांचा संबंध प्रथम जर्मन जीवरसायनशास्त्रज्ञ ओटो वॉरबर्ग यांनी जोडला. पुरेसा ऑक्सिजन उपलब्ध असतानाही कर्कपेशी ग्लुकोजचे मोठ्या प्रमाणावर लॅक्टेटमध्ये रूपांतर करतात, असे त्यांना १९२० च्या दशकात आढळले. पेशीच्या श्वसनाची कायमची हानी हेच कर्करोगाचे मूळ आहे, असे मत त्यांनी १९५६ मध्ये पुन्हा मांडले. पुढील संशोधनात बहुतांश कर्कपेशींच्या तंतुकणिका कार्यक्षम असल्याचे आणि ग्लुकोजचा हा वापर अनेकदा केंद्रकीय जनुकांतील बदलांमुळे होत असल्याचे दिसून आल्याने हे मत मूळ स्वरूपात स्वीकारले जात नाही.

तंतुकणिकीय डीएनएतील उत्परिवर्तनांमुळे मानवात रोग होतात, हे १९८८ मध्ये सिद्ध झाले. त्यानंतर कर्करोगातही त्यांचा शोध सुरू झाला. १९९८ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील बर्ट व्होगेलस्टाइन यांच्या प्रयोगशाळेने मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या १० पेशीवंशांचा तंतुकणिकीय डीएनए संपूर्ण तपासला. त्यांपैकी ७ मध्ये मिळून १२ कायिक उत्परिवर्तने आढळली व त्यांतील बहुतेक होमोप्लाझ्मिक होती. २००० मध्ये मूत्राशय, डोके व मान आणि फुप्फुस यांच्या कर्करोगांत अशीच उत्परिवर्तने आढळली. रुग्णांच्या शरीरद्रवांतही ती सापडली आणि तेथे त्यांचे प्रमाण पी-५३ या केंद्रकीय जनुकाच्या उत्परिवर्तित डीएनएच्या १९ ते २२० पट असल्याचे नोंदवण्यात आले.

२०१० मध्ये व्होगेलस्टाइन यांच्याच गटाने नव्या अनुक्रमण तंत्राने दाखवले की हेटेरोप्लाझ्मी निरोगी ऊतींमध्येही सर्रास असते आणि एकाच व्यक्तीच्या निरनिराळ्या ऊतींमध्ये तिचे प्रमाण भिन्न असते. २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय सहकार्यातून ३८ प्रकारच्या २,६५८ कर्करोगांच्या संपूर्ण जीनोमांचे विश्लेषण प्रसिद्ध झाले. त्यात तंतुकणिकीय डीएनएतील ७,६११ बेसबदल नोंदवण्यात आले. प्रथिन अर्धवट तोडणारी उत्परिवर्तने मूत्रपिंड, मोठे आतडे व थायरॉइड ग्रंथी यांच्या कर्करोगांत अपेक्षेपेक्षा अधिक असल्याचे त्यात आढळले.

एकल-पेशी तंत्रे

एकेका पेशीतील तंतुकणिकीय डीएनए मोजण्याचे प्रयत्न पूर्वीपासून होत होते, परंतु त्यात मोजक्याच पेशी हाताळता येत. हजारो पेशी एकाच वेळी तपासण्याची सोय २०१० च्या दशकाच्या उत्तरार्धात झाली. यातील एक महत्त्वाचा टप्पा काहीसा अनपेक्षित रीतीने गाठला गेला. केंद्रकीय डीएनएचे कोणते भाग उघडे आहेत, हे शोधणाऱ्या 'अटॅक-सेक' या पद्धतीत वापरले जाणारे विकर उघड्या डीएनएचे तुकडे करते. तंतुकणिकीय डीएनए हिस्टोन प्रथिनांभोवती गुंडाळलेला नसल्यामुळे त्याचे तुकडे मोठ्या संख्येने मिळतात. सुरुवातीला हे तुकडे निरुपयोगी समजून टाकून दिले जात. २०१९ मध्ये लीफ लुडविग व सहकाऱ्यांनी याच तुकड्यांतून, तसेच एकल-पेशी आरएनए अनुक्रमणातून, पेशीगणिक उत्परिवर्तने वाचता येतात आणि त्यांवरून पेशींची वंशावळ मांडता येते, असे दाखवले. २०२१ मध्ये या पद्धतीत सुधारणा करून हजारो पेशींमधील तंतुकणिकीय डीएनए आणि केंद्रकीय डीएनएची स्थिती एकत्र वाचण्याची सोय करण्यात आली.

या तंत्रांचा मुख्य लाभ म्हणजे एकाच पेशीबद्दल दोन प्रकारची माहिती एकत्र मिळते. त्या पेशीत उत्परिवर्तनाचे प्रमाण किती आहे आणि तिची कोणती जनुके कार्यरत आहेत, हे शेजारी शेजारी मांडता येते. त्यामुळे एकाच अर्बुदातील कमी आणि अधिक प्रमाण असलेल्या पेशींची परस्परांशी तुलना होऊ शकते व व्यक्तीव्यक्तींमधील इतर फरकांचा अडथळा राहत नाही.

प्रतींच्या संख्येतील विविधता

संपूर्ण नमुन्यांच्या तपासणीत मूत्राशय, स्तन व मूत्रपिंड यांच्या कर्करोगांमध्ये तंतुकणिकीय डीएनएच्या प्रती शेजारच्या निरोगी ऊतीपेक्षा कमी असल्याचे २०१६ मध्ये नोंदवले गेले. पेशीपातळीवरील चित्र २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासातून स्पष्ट झाले. त्यात प्रयोगशाळेतील पेशीवंश, उंदरांत वाढवलेली मानवी अर्बुदे आणि रुग्णांची अर्बुदे यांतील एकूण ७२,२७५ पेशींचा केंद्रकीय व तंतुकणिकीय डीएनए एकाच वेळी मोजण्यात आला.

या अभ्यासानुसार पेशीत सामान्यतः हजारो प्रती असतात, पण पेशीपेशींमध्ये त्यांच्या संख्येत मोठी तफावत असते आणि ती पेशीच्या आकाराशी घट्ट निगडित असते. काही कर्कपेशींमध्ये केंद्रकातील संपूर्ण जीनोम दुप्पट होतो. अशा पेशींमध्ये तंतुकणिकीय प्रतीही त्याच प्रमाणात वाढलेल्या आढळल्या. म्हणजे पेशीचे वर्तन समजून घेण्यासाठी प्रतींच्या निव्वळ संख्येपेक्षा दोन्ही जीनोमांचे परस्परप्रमाण अधिक महत्त्वाचे ठरते. काही कार्यनाशक उत्परिवर्तनांच्या बाबतीत हेटेरोप्लाझ्मीचे प्रमाण जसे वाढते तशी प्रतींची संख्या व तंतुकणिकीय आरएनएची पातळी बदलते, असेही दिसून आले.

कर्करोगांनुसार स्वरूप

तंतुकणिकीय उत्परिवर्तनांचे महत्त्व सर्व कर्करोगांत सारखे नाही. ते सर्वांत ठळकपणे ऑन्कोसायटिक अर्बुदांमध्ये दिसते. या अर्बुदांतील पेशी सदोष तंतुकणिकांनी खच्चून भरलेल्या असतात. मूत्रपिंडातील ऑन्कोसायटोमा आणि थायरॉइड ग्रंथीतील ऑन्कोसायटिक कर्करोग ही त्याची उदाहरणे आहेत. या अर्बुदांमध्ये पहिल्या संकुलाची जनुके निकामी करणारी उत्परिवर्तने वारंवार व उच्च प्रमाणात आढळतात. सदोष श्वसनाची भरपाई म्हणून पेशी तंतुकणिकांची संख्या वाढवते, असे याचे स्पष्टीकरण दिले जाते.

इतर कर्करोगांबाबत २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणातून असे दिसले की घातक तंतुकणिकीय उत्परिवर्तने कर्करोगाला चालना देणाऱ्या सर्वपरिचित केंद्रकीय जनुकांइतक्याच वारंवारतेने उद्भवतात. कार्यनाशक उत्परिवर्तने विशेषतः पहिल्या संकुलाच्या जनुकांमध्ये साचतात. तीही अनेकदा एकच बेस सलग अनेकदा येणाऱ्या ठिकाणी होतात, कारण द्विगुणन करणारे विकर अशा ठिकाणी घसरते. याउलट पाचव्या संकुलाच्या जनुकांमध्ये प्रथिन बदलणारी उत्परिवर्तने अपेक्षेपेक्षा कमी आढळतात. यावरून कर्कपेशी पहिल्या संकुलाची हानी सहन करते, परंतु एटीपीची निर्मिती व तंतुकणिकेच्या पटलावरील विद्युतविभव धोक्यात आणणारी हानी तिला परवडत नाही, असा अर्थ काढला जातो. मोठ्या आतड्याच्या कर्करोगात अशी घातक उत्परिवर्तने असलेल्या रुग्णांचे आयुर्मान इतर रुग्णांपेक्षा अधिक असल्याचेही या विश्लेषणात आढळले.

पेशीच्या वर्तनावरील परिणाम

तंतुकणिकीय उत्परिवर्तनाचा स्वतंत्र परिणाम तपासण्यासाठी सायब्रिड पेशी वापरल्या जातात. यासाठी एका पेशीतील तंतुकणिकीय डीएनए काढून टाकतात व तिचा दुसऱ्या, केंद्रकविरहित पेशीशी संयोग घडवून आणतात. अशा रीतीने केंद्रक तोच ठेवून केवळ तंतुकणिका बदलता येतात.

२००५ मध्ये पुरःस्थ ग्रंथीच्या कर्करोगाच्या पेशींमध्ये एटीपी-६ या जनुकातील एक ज्ञात रोगकारक उत्परिवर्तन घालण्यात आले. उंदरांमध्ये या पेशींपासून वाढलेली अर्बुदे उत्परिवर्तन नसलेल्या सायब्रिड पेशींच्या अर्बुदांपेक्षा सुमारे सात पट मोठी होती. २००८ मध्ये जपानमधील त्सुकुबा विद्यापीठातील संशोधकांनी उंदरांच्या अल्प व अधिक प्रसारक्षम कर्कपेशींमधील तंतुकणिकीय डीएनएची अदलाबदल केली. एनडी-६ जनुकातील विशिष्ट उत्परिवर्तनासोबत शरीरात दूरवर पसरण्याची क्षमताही हस्तांतरित होते, असे त्यांना आढळले. क्रियाशील ऑक्सिजन संयुगे निष्प्रभ करणारी द्रव्ये दिल्यावर ही क्षमता घटली.

याच्या अगदी उलट निष्कर्षही मिळाले आहेत. २००९ मध्ये एनडी-५ जनुकातील उत्परिवर्तनाच्या अभ्यासात ते मिश्र अवस्थेत असताना अर्बुदाची वाढ होते, परंतु सर्व प्रतींमध्ये असल्यास वाढ खुंटते, असे दिसले. २०११ मध्ये एनडी-१ जनुकाबाबतही प्रमाणाचा उंबरठा ओलांडल्यावर परिणाम उलटतो, असे आढळले. प्राचीन रोमन पुराणकथांतील जेनस या दोन मुखांच्या देवतेवरून संशोधकांनी अशा जनुकाला 'ऑन्कोजेनस' ही संज्ञा दिली. वरकरणी परस्परविरोधी वाटणारे हे निष्कर्ष प्रमाण लक्षात घेतल्यास सुसंगत ठरू शकतात. पेशीतील प्रमाण मध्यम असताना क्रियाशील ऑक्सिजन संयुगांचे संदेश वाढीला पोषक ठरतात, तर श्वसन पूर्णतः कोसळल्यावर पेशीला वाढीसाठी लागणारे घटकच बनवता येत नाहीत.

तंतुकणिकांचे पेशींमधील स्थलांतर

पेशीतील तंतुकणिकीय विविधता बाहेरून आलेल्या तंतुकणिकांमुळेही वाढू शकते. तंतुकणिकीय डीएनए काढून टाकलेल्या उंदरांच्या कर्कपेशी उंदरांत टोचल्यास अर्बुदाची वाढ लांबते. कालांतराने वाढलेल्या अर्बुदांतील पेशींमध्ये यजमान उंदराचा तंतुकणिकीय डीएनए आढळतो, असे २०१५ मध्ये दाखवण्यात आले. पुढील संशोधनानुसार या पेशींना श्वसनाची गरज मुख्यतः ऊर्जेसाठी नसते. डीएनए व आरएनए यांचे घटक असलेल्या पिरिमिडिनांच्या निर्मितीसाठी ती असते.

निसर्गातील याचे उल्लेखनीय उदाहरण कुत्र्यांमधील संसर्गजन्य लैंगिक अर्बुदाचे आहे. या रोगात जिवंत कर्कपेशीच एका कुत्र्याकडून दुसऱ्याकडे जातात. जगभरातील अशा अर्बुदांच्या तपासणीतून या प्राचीन पेशीवंशाने यजमान कुत्र्यांच्या तंतुकणिका किमान पाच वेळा आत्मसात केल्याचे २०१६ मध्ये दिसून आले.

स्थलांतर उलट दिशेनेही होते. २०२५ मध्ये जपानी संशोधकांनी मानवी अर्बुदांत शिरलेल्या टी-पेशींमध्ये कर्कपेशींचीच तंतुकणिकीय उत्परिवर्तने आढळल्याचे प्रसिद्ध केले. कर्कपेशींकडून आलेल्या सदोष तंतुकणिकांमुळे टी-पेशींची कार्यक्षमता घटते आणि अर्बुद रोगप्रतिकारापासून बचावते, असा त्यांचा निष्कर्ष आहे.

वैद्यकीय महत्त्व

तंतुकणिकीय उत्परिवर्तने पेशींच्या वंशावळीची नैसर्गिक खूण म्हणून उपयुक्त ठरतात. प्राण्यांमध्ये वंशावळ शोधण्यासाठी पेशींमध्ये कृत्रिम खुणा घालता येतात. मानवात तसे करता येत नाही. समान उत्परिवर्तन असलेल्या पेशी एकाच पूर्वज पेशीपासून आल्या असाव्यात, या तत्त्वावर रक्ताच्या कर्करोगातील उपवंश ओळखले जातात व त्यांच्यातील बदलांचा मागोवा घेतला जातो.

उपचारांच्या दृष्टीने रोगप्रतिकारावर आधारित औषधांशी असलेला संबंध लक्षवेधी आहे. २०२० मध्ये जिवाणूजन्य विकरावर आधारित तंतुकणिकीय बेस-संपादन तंत्र विकसित झाले. त्यामुळे पेशीतील तंतुकणिकीय डीएनएत नेमका एकच बदल घडवणे शक्य झाले. २०२४ मध्ये या तंत्राने उंदरांच्या मेलॅनोमा पेशींमध्ये एनडी-५ जनुक तोडणारी उत्परिवर्तने घडवण्यात आली. अशा पेशींचा चयापचय ग्लुकोजच्या विघटनाकडे झुकला आणि त्यांची अर्बुदे रोगप्रतिकार मोकळा करणाऱ्या औषधांना अधिक प्रतिसाद देऊ लागली. मेलॅनोमाच्या रुग्णांच्या पूर्वीच्या नोंदींतही तंतुकणिकीय उत्परिवर्तनांचे उच्च प्रमाण आणि उपचाराला मिळणारा चांगला प्रतिसाद यांचा संबंध दिसला. उपचारांची निवड करण्यासाठी या माहितीचा नियमित वापर मात्र अद्याप रूढ झालेला नाही.

मर्यादा आणि मतभेद

या क्षेत्रातील आरंभीचे अनेक निष्कर्ष तांत्रिक त्रुटींमुळे वादग्रस्त ठरले. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चिकित्सक आढाव्यात, कर्करोगातील उत्परिवर्तने म्हणून नोंदवलेले कित्येक बदल नमुन्यांची अदलाबदल किंवा भेसळ झाल्यामुळे दिसले असावेत, असे दाखवण्यात आले. मानवी लोकसमूहांमधील नैसर्गिक तंतुकणिकीय भेद सुपरिचित असल्यामुळे, एकाच 'रुग्णा'त दोन भिन्न मातृवंशांचे भेद एकत्र दिसणे ही भेसळीची खूण ठरते.

दुसरी अडचण केंद्रकात सामावलेल्या तंतुकणिकीय डीएनएच्या तुकड्यांची आहे. उत्क्रांतीच्या ओघात असे शेकडो तुकडे मानवी केंद्रकीय जीनोममध्ये शिरले आहेत व काही कर्करोगांत ही प्रक्रिया नव्याने घडते. हे तुकडे मूळ डीएनएशी मिळतेजुळते असल्याने अल्प प्रमाणातील खोटी हेटेरोप्लाझ्मी दिसू शकते. एकल-पेशी तपासणीत याशिवाय फुटलेल्या पेशींमधील डीएनए दुसऱ्या पेशींच्या नमुन्यात मिसळणे, मोजक्याच प्रती वाचल्या गेल्याने प्रमाणाचा अंदाज चुकणे आणि आरएनएवर नंतर होणारे रासायनिक बदल उत्परिवर्तन म्हणून गणले जाणे, हे धोके संभवतात. तंतुकणिका पेशीपेशींमध्ये स्थलांतरित होत असल्यास समान उत्परिवर्तनावरून समान वंश मानणेही काही ठिकाणी चुकीचे ठरू शकते.

तंतुकणिकीय उत्परिवर्तने कर्करोगाची चालक आहेत की सहप्रवासी, याबाबत एकमत नाही. २०१४ च्या अभ्यासात बहुतेक उत्परिवर्तने निवडीच्या दृष्टीने जवळजवळ तटस्थ असून प्रथिन तोडणारी उत्परिवर्तने दाबली जातात, असे दिसले होते. २०२० आणि २०२१ च्या विश्लेषणांनी काही ऊतींमध्ये अशाच उत्परिवर्तनांची निवड होत असल्याचे दाखवले. सध्याच्या समजुतीनुसार या प्रश्नाला सर्व कर्करोगांसाठी एकच उत्तर नाही. उत्परिवर्तन कोणत्या जनुकात आहे, पेशी कोणत्या ऊतीची आहे आणि त्या पेशीतील किती प्रतींमध्ये ते आहे, या तीन गोष्टींवर ते अवलंबून आहे. यांपैकी तिसरी गोष्ट एकल-पेशी मापनानेच नेमकेपणाने कळते.

हे सुद्धा पहा

तंतुकणिका
तंतुकणिकीय डीएनए
हेटेरोप्लाझ्मी
उत्परिवर्तन
जनुकीय विचलन
वॉरबर्ग परिणाम
कर्करोग